टीसी मागणाऱ्या मुलाला आधी बसवा : नाशिकमध्ये विद्यार्थी मार्गदर्शकाचं काम सुरू करणाऱ्यांसाठी

कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीशी येऊन एखादं मूल "टीसी पाहिजे" म्हणतं, तेव्हा आतून एक छापील अर्ज पुढे येतो. त्या अर्जात कारणासाठी एक ओळ मोकळी असते. मुलं तिथे दोनच शब्द लिहितात : घरगुती अडचण. सही होते, शिक्का बसतो, आणि एक शिक्षण तिथेच थांबतं.

चौदा वर्षं मी नाशिकच्या कॉलेजांमध्ये मुलांसोबत काम करते आहे. या दोन शब्दांच्या मागे काय असतं ते मी शेकडो वेळा विचारून पाहिलं. अभ्यास झेपत नाही म्हणून कॉलेज सोडणारी मुलं असतात, पण कमी. बहुतेकांचं एखादं कागदपत्र अडकलेलं असतं, एखादी तारीख हुकलेली असते, आणि ती गोष्ट कुणाला विचारायची हे त्यांना माहीत नसतं. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगते, की मानसशास्त्र लागेलच, पण त्याआधी कागद शिका.

एमएसडब्ल्यू झालेले, मानसशास्त्रात एमए केलेले, काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवून कंटाळलेले, असे बरेच जण मला विचारत असतात, की मॅडम, मुलांसोबतचं हे काम नोकरी म्हणून करता येतं का? येतं. कसं, ते क्रमाने सांगते.

आधी नोकरी ओळखा, मग अर्ज करा

अमेरिकेत 'अकॅडमिक ॲडव्हायजर' हे स्वतंत्र पद आहे. विद्यार्थ्याने कोणते विषय घ्यावेत, क्रेडिट कसे पूर्ण करावेत, मागे पडला तर काय करावं, हे सांगायला पूर्ण वेळ पगारी माणूस असतो. 'नॅकाडा' ही त्यांची संघटना १९७९ पासून आहे. आपल्याकडे हेच काम पाच-सहा टेबलांवर वाटलेलं आहे. त्यामुळे जाहिरातीत 'विद्यार्थी मार्गदर्शक' असं नाव शोधत बसलात तर हाती फारसं काही लागणार नाही. विद्यार्थी समुपदेशक, स्टुडंट मेंटर, स्टुडंट सक्सेस, प्लेसमेंट सेलमधला समन्वयक, वसतिगृहाचे गृहपाल, मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचे समन्वयक, शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचे प्रकल्प अधिकारी, अशा नावांनी शोधा. कॉलेजांतला विद्यार्थी विकास अधिकारी हा बहुधा प्राध्यापकच असतो, त्याच्याकडे तो अतिरिक्त कार्यभार असतो. त्याच्या हाताखाली काम करायला मिळालं तर ती शिकण्याची फार चांगली जागा.

एका पाटीपासून मात्र सांभाळून. 'ॲडमिशन काउन्सेलर' या नावाखाली अनेक ठिकाणी निव्वळ विक्रीचं काम असतं. दिवसाला अमुक फोन, महिन्याला अमुक प्रवेश. माझी दुसरी नोकरी अशीच होती. एका बापाने शेतावर कर्ज काढून मुलाला ज्या कोर्सला घातलं, तो कोर्स त्या मुलाला झेपणारा नव्हता हे मला कळत होतं. तरी मी गप्प बसले, कारण महिन्याचा आकडा भरायचा होता. तो मुलगा दिवाळीनंतर आलाच नाही. मी मार्चमध्ये ती नोकरी सोडली. म्हणून मुलाखतीला बसलात की एक प्रश्न तुम्ही विचारा : "माझं काम किती प्रवेश झाले यावर मोजणार, की किती मुलं टिकली यावर?" समोरचा माणूस उत्तर द्यायला जितका वेळ घेईल, त्यातच उत्तर कळतं.

शिक्षण किती लागतं

समुपदेशकाच्या पदासाठी मानसशास्त्रातलं एमए किंवा एमएसडब्ल्यू लागतं. नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाचं समाजकार्य महाविद्यालय आहे, त्यामुळे एमएसडब्ल्यूसाठी गाव सोडायची गरज नाही. नोकरी करत शिकायचं असेल तर इग्नूचा समुपदेशन आणि कुटुंबोपचाराचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. मात्र यांपैकी कशानेही तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते. ओळखपत्रावर किंवा दारावरच्या पाटीवर तो शब्द चुकूनही लिहू नका.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निकालात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असं सांगितलं आहे. संस्थेत अर्ज घेऊन जाताना हा मुद्दा तुम्हाला माहीत असू द्या. भांडायला नव्हे. अनेक प्राचार्यांना तो माहीत नसतो, आणि तुमच्याकडून कळला तर त्यांना मदतच होते.

पहिलं वर्ष ऑफिसात काढा

या कामात सगळ्यात जास्त मी इथेच शिकले, म्हणून इथे जरा रेंगाळते.

नवीन माणूस आला की त्याला एक केबिन मिळते. दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा, भिंतीवर प्रेरणादायी चित्र. आणि तो मुलांची वाट बघत बसतो. मुलं येत नाहीत. मुलं असतात शिष्यवृत्तीच्या खिडकीपुढच्या रांगेत. तुम्हीही तिथे जा. शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या लिपिकाला म्हणा, "ताई, आठवडाभर मी तुमच्या शेजारी बसते, अर्ज तपासायला मदत करते." त्या ताईंना जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्याही कोर्सच्या पुस्तकात नाही. त्यांचा मान ठेवा. पुढची दहा वर्षं तुमची निम्मी कामं त्यांच्या एका फोनवर होणार आहेत.

त्या आठवड्यात काय शिकायचं? पहिलं म्हणजे महाडीबीटी, राज्य सरकारचं शिष्यवृत्त्यांचं पोर्टल. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती कुणाला, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती कुणाला, अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठीचा पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता कुणाला. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम, ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण ही माफी फक्त त्या दोन शुल्कांची आहे. "मुलींचं शिक्षण फुकट" एवढंच ऐकून आलेले आईबाप बाकीच्या फीचा आकडा बघून खिडकीवरच गोंधळतात. त्यांना फीची पावती पुढ्यात ठेवून, एकेका ओळीवर बोट ठेवून समजवावं लागतं.

मग दाखले. उत्पन्न, जात, नॉन क्रीमीलेअर, डोमिसाइल, आणि सगळ्यात वेळखाऊ जात पडताळणी. अकरावी-बारावीतच पडताळणीचा अर्ज भरायला लावणं हे मार्गदर्शकाचं सगळ्यात उपयोगी काम, आणि ते कुणाच्याही कामाच्या यादीत लिहिलेलं नसतं. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, आणि जिल्ह्यात नाशिक व कळवण अशी दोन प्रकल्प कार्यालयं आहेत. कोणता तालुका कुणाकडे, ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. त्या प्रेरणादायी चित्राच्या जागी चिकटवलात तरी चालेल.

एक प्रसंग सांगते. सुरगाणा तालुक्यातली एसवायबीएची मुलगी टीसीसाठी आली. अर्जात तेच दोन शब्द. मी म्हटलं, "बस गं, पाणी पी, मग बघू." फाइल दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली होती, वरून रबर लावलेलं. पावसापाण्यात एसटीने यायचं म्हणून. बोलताना कळलं की दोन वर्षं शिष्यवृत्ती आलेली नाही. खोलीचं भाडं मैत्रीण भरत होती आणि आता तिलाही जमत नव्हतं. पोर्टलवर मात्र रक्कम जमा झाल्याचं दिसत होतं. मुलीने कॉलेजला आल्यावर उघडलेलं बँक पासबुक दाखवलं, त्यात काहीच नव्हतं. आम्ही आधार कोणत्या बँकेला जोडलेलं आहे ते तपासलं. निघालं गावाकडच्या बँकेचं नाव. आश्रमशाळेत असताना उघडलेलं खातं, ती विसरूनही गेली होती. सरकारी पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, अर्जावर लिहिलेल्या खात्यात नाही. तिच्या भावाने दुसऱ्या दिवशी जुनं पासबुक भरून आणलं आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. तिने तो मोठा करून दोनदा वाचला आणि विचारलं, "मॅडम, हे माझंच आहे ना?"

टीसीचा अर्ज मी तिच्यासमोर फाडला नाही, तिलाच परत दिला. आपल्या निर्णयाचा कागद आपल्याच हाती राहावा, असं मला वाटतं.

या सगळ्यात मी काय केलं? समुपदेशनाचं एकही तंत्र वापरलं नाही. आधार सीडिंग, म्हणजे आधार बँक खात्याला जोडणं, हे काय असतं ते मला माहीत होतं, एवढंच.

नियम तोंडपाठ सांगू नका

नाशिकमध्ये एकाच रस्त्यावर तीन विद्यापीठांचे नियम चालतात. कॉलेज रोड, गंगापूर रोडवरची बहुतेक कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न. १९८९ मध्ये सुरू झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ इथलंच, त्याची अभ्यासकेंद्रं त्याच कॉलेजांच्या इमारतींत. आणि वैद्यकीय, नर्सिंग, आयुर्वेद यांच्यासाठी १९९८ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. शिवाय काही कॉलेजं स्वायत्त झाली आहेत, त्यांचं परीक्षेचं गणित वेगळं. समोर बसलेल्या मुलाला "कोणतं विद्यापीठ, कोणत्या सालचा पॅटर्न?" हे विचारल्याशिवाय एकही वाक्य बोलू नका.

हे मी चूक करून शिकले. कामाला लागून तिसरं वर्ष होतं. निफाडकडचा एक मुलगा एफवायला काही विषयांत राहिला होता. "एसवायला जाता येईल का?" असं त्याने विचारलं. मी जुन्या नियमाच्या आधाराने, उभ्या उभ्या, "नाही, वर्ष जाणार" म्हणून सांगितलं. त्या वर्षी पॅटर्न बदलला होता, एटीकेटीचा नियमही. त्याला प्रवेश मिळत होता. हे कळलं तोपर्यंत प्रवेशाची तारीख गेली होती आणि तो अंबडच्या एका कारखान्यात लागला होता. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याच्या आईने चहा दिला. त्या घरात कुणी मला एक वाकडा शब्द बोललं नाही, आणि त्यामुळे मला ती गोष्ट अजून जास्त टोचते.

तेव्हापासून मी कुठलाही नियम परिपत्रक उघडून, मुलाला स्क्रीन दाखवून सांगते. माहीत असला तरीही. "थांब, बघून सांगते" म्हणण्यात कमीपणा नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर हे जास्तच गरजेचं झालं आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, ऑन जॉब ट्रेनिंग. मुलं हे शब्द वापरतात, पण क्रेडिट म्हणजे नक्की काय हे विचारलं की गप्प होतात. पालक तर पूर्ण अंधारात. त्यांच्यासाठी मी एकच उदाहरण देते : पदवी म्हणजे पाण्याची टाकी, एक क्रेडिट म्हणजे एक बादली. टाकीत बादल्या ओतायच्या आहेत, तीन वर्षांत १२० ते १३२. कुठल्या नळाच्या, म्हणजे कुठल्या प्रकारच्या विषयाच्या किती, ते ठरलेलं आहे. एका नळाच्या जास्त झाल्या म्हणून दुसऱ्याची भर निघत नाही.

यातली सगळ्यात मोलाची तरतूद बाहेर पडण्याची आणि परत येण्याची आहे, आणि तीच मुलांना कुणी सांगत नाही. पहिलं वर्ष, म्हणजे ४० ते ४४ क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण केली, तर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. तशीच दोन वर्षांनी डिप्लोमाची सोय. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. वडील आजारी आहेत, घर चालवायचं आहे, अशा मुलाला "टीसी घे" आणि "सर्टिफिकेट घेऊन जा, तीन वर्षांच्या आत परत ये" यांतला फरक सांगायला पाच मिनिटं लागतात. क्रेडिट त्याच्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा आहेत की नाही, हे मात्र जाण्यापूर्वी तुमच्यासमोर उघडून बघा.

ज्याला नियमित कॉलेज शक्यच नाही त्याला मुक्त विद्यापीठ दाखवा, पण 'सोपं' म्हणून दाखवू नका. स्वतः पुस्तक उघडून बसण्याची शिस्त तिथे जास्त लागते. सातपूरला शिफ्टमध्ये काम करणारा मुलगा कोणत्या दिवशी, किती वाजता अभ्यास करणार हे त्याच्यासोबत वहीत लिहा. वेळापत्रक बनलं नाही, तर प्रवेश घेऊनही उपयोग नाही.

मुलं कुठून येतात ते बघून या

नाशिक जिल्ह्याचे पंधरा तालुके आहेत आणि कॉलेज रोडवर पंधराही भेटतात. निफाड-दिंडोरीच्या मुलांची हजेरी द्राक्षाच्या हंगामात पडते. ऑक्टोबरची छाटणी, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. तेव्हा घरात एक जादा हात म्हणजे मजुरी वाचली. त्याच बागांत काम करायला पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिवाळीनंतर उतरलेली असतात, आणि त्यांचीही मुलं आपल्याच वर्गात बसलेली असतात. बागेच्या मालकाचा मुलगा आणि त्या बागेत राबणाऱ्या आईची मुलगी एकाच बाकावर. वर्गात दोघांची नावं 'हजेरी कमी' या एकाच यादीत येतात. दोघांना एकच समज देऊन चालणार नाही.

हजेरीची यादी आली की मी आधी तालुका बघते, मग महिना. नंतर एसटीचं वेळापत्रक. घाटातून येणाऱ्या मुलीचं शेवटचं प्रॅक्टिकल संपेपर्यंत सीबीएस बसस्थानकावरून तिची गाडी निघून गेलेली असते, म्हणून ती प्रॅक्टिकल बुडवते. विभागप्रमुखांशी बोलून तिची बॅच सकाळची करून घेतली की झालं. त्यासाठी तिला 'वेळेचं व्यवस्थापन' शिकवायची गरज नव्हती.

एक रविवार काढा आणि त्या एसटीत बसून पेठला जाऊन या. खरंच सांगते, जाऊन या.

समोर बसलेल्या मुलाशी बोलताना

प्रश्न थोडे ठेवा. माझा पहिला प्रश्न कायम एकच : "जेवलास का?" दुसरा : "आज कसा आलास?" या दोन उत्तरांत राहण्याची, पैशाची आणि घराची अर्धी माहिती येते, आणि चौकशी केल्यासारखंही वाटत नाही. मग गप्प बसा. नवीन माणसाला शांतता सोसत नाही, तो लगेच सल्ला देऊन मोकळा होतो. मुलाला मुद्द्यावर यायला कधी वीस मिनिटं लागतात, कधी तीन भेटी.

पालक आले तर मुलाच्या देखत त्यांच्याशी बोला, मुलाच्या पाठीमागे नाही. एकदा एक काका मुलीचं कॉलेज बंद करायला आले होते, लग्न ठरत होतं. मी कायदा सांगितला नाही, मुलगी एकोणीस वर्षांची होती. म्हटलं, "काका, फक्त एक सांगा, सासरकडच्यांनी शिकलेली मुलगी मागितली की न शिकलेली?" ते म्हणाले, "शिकलेली." "मग शेवटची दोन सेमिस्टर राहिलीत, अर्धवट का पाठवता?" ते लगेच मान्य झाले असं नाही. पण पुढच्या आठवड्यात परीक्षा अर्जाची फी भरायला तेच आले. दर वेळी असं होत नाही. कधी मुलीचं लग्न होतं आणि ती परत येत नाही, तेव्हा तिचा नंबर जपून ठेवा आणि जूनमध्ये एक फोन करा.

काय शिकू आणि पुढे काय करू, हे विचारणाऱ्यांना यादी देऊ नका. गंगापूर रोडच्या अभ्यासिकांमध्ये चार-पाच वर्षं स्पर्धा परीक्षेसाठी बसलेली मुलं तुम्हाला भेटतील. त्यांना "सोडून दे" म्हणणं सोपं आणि "लढ" म्हणणं त्याहून सोपं. मी त्यांना दोन गोष्टी कागदावर लिहायला सांगते : किती प्रयत्न आणि कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यानंतरच्या सोमवारी मी कुठे जाणार. दुसरी ओळ लिहायला त्यांना फार वेळ लागतो. ती लिहिल्याशिवाय मी उठू देत नाही.

तुमची हद्द

इथे चुकायला जागा नाही, म्हणून नीट वाचा.

"मी कुणाला सांगणार नाही" असं सरसकट वचन कधीही देऊ नका. म्हणा, "तुझ्या जिवाला धोका नसेल तोपर्यंत हे आपल्यातच राहील." ज्युनियर कॉलेज त्याच आवारात असतं आणि एफवायची अनेक मुलंही सतरा वर्षांची असतात. अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुम्हाला कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. ते लपवणं हा तुमचा गुन्हा ठरतो. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे जाते, तुम्ही स्वतः मध्यस्थी करून 'मिटवायची' नसते. रॅगिंगसाठी देशभराची मदतवाहिनी १८००-१८०-५५२२.

मरणाची भाषा आली तर थेट विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी ऐकायला तयार आहे हे कळतं. त्या मुलाला एकटं सोडू नका, घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोचवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतूनही बोलता येतं. हा नंबर स्वच्छतागृहांच्या दारांच्या आतल्या बाजूला लावा. नोटीस बोर्डासमोर उभं राहून तो कुणी टिपून घेत नाही.

अपंग मुलांच्या बाबतीतही हद्द आणि हक्क दोन्ही माहीत हवेत. ज्यांना लिहायला अडचण आहे त्यांना लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ हा हक्क आहे. त्यासाठी अर्ज परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही, सेमिस्टर सुरू होतानाच भरून घ्या.

नोंदी ठेवा, थोड्याच

प्रत्येक मुलामागे चार ओळी : तारीख, काय म्हणाला, आपण काय ठरवलं, पुढची तारीख. चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. कुलूपबंद कपाटात ठेवा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीच्या वेळी फाइल मागितली जाते, तेव्हा फक्त आकडे द्या, गोष्टी देऊ नका. कुणी कितीही मोठ्या खुर्चीवरून मागितल्या तरी.

पगार आणि पुढची वाट

खोटी आशा दाखवत नाही. अनुदानित कॉलेजांत हे पद बहुतेक ठिकाणी संस्थेच्या पैशांतून भरलं जातं, म्हणजे ठोक मानधन आणि अकरा महिन्यांचा करार. घरात दुसरी मिळकत नसेल तर पहिली दोन-तीन वर्षं ओढाताण होते. इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटची खाजगी कॉलेजं, खाजगी विद्यापीठं आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्था तुलनेने बरा पगार देतात. पाच-सहा वर्षांनी प्लेसमेंट किंवा विद्यार्थी कल्याण विभागाचं प्रमुखपद, किंवा स्वतःचं मार्गदर्शन केंद्र. स्वतःचं केंद्र काढलंत तर एखाद्या कॉलेजकडून प्रवेशामागे कमिशन घेऊ नका. एकदा घेतलं की तुमच्या सल्ल्याला किंमत राहत नाही.

अजून कुठे नोकरी नसेल तर जूनची वाट बघा. बारावीचा निकाल लागला की प्रवेशाच्या काळात प्रत्येक कॉलेजला मदत कक्षावर माणसं लागतात. जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांना भेटून पंधरा दिवस विनामोबदला बसायची परवानगी मागा. सोबत एक वही, दोन पेन, स्टेपलर आणि पासपोर्ट फोटो चिकटवायला डिंक न्या. डिंक सगळे विसरतात. दिवसभरात जी मुलं कागद अपुरे म्हणून परत गेली, त्यांची नावं, तालुका आणि कोणता कागद नव्हता ते वहीत लिहा. संध्याकाळी त्यांना एकेक करून फोन लावा.